नामदेव पायरीवर माळ काढून ठेवणारी बाई, हा शेवट ठेवू की बदलू?

रानजाई
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सल्ला खरंच हवाय.

एका दिवाळी अंकाला कथा दिलीये. बाई साताऱ्याकडची, माळकरी, बावीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन आळंदी ते पंढरपूर पायी जाणारी. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडून जातो. वर्षश्राद्धही झालेलं नसताना ती वारीला निघते, घरच्यांना वाटतं चला हिचं मन रमेल, पण ती निघालीय भांडायला. सगळ्या वाटेत एक अभंग म्हणत नाही. पंढरपुरात पोचल्यावर दर्शनबारीला उभीच राहत नाही, महाद्वारात येते, गळ्यातली माळ काढून नामदेव पायरीवर ठेवते आणि एसटी स्टँडकडे चालू लागते. बस, इथे कथा संपते.

संपादकांचा फोन आला की कथा आवडली पण शेवट बदला, वारकऱ्यांच्या भावना दुखावतील, कोणी तक्रार केली तर अंक अडकेल. त्यांचं म्हणणं की तिला दर्शन घेऊ द्या, तिथे रडू द्या, मन शांत होऊ द्या. मी दोन दिवस मागून घेतलेत.

आमच्या घरात आजोबांपासून माळ आहे, मला कोणाची टिंगल करायची नाहीये. पण मुलगा गेलेल्या बाईला मी आठ ओळींत शांत केलं तर ते मलाच खोटं वाटणार, आणि दुसरीकडे आई अंक हातात घेऊन वाचेल तेव्हा तिला कसं वाटेल हेही डोक्यातून जात नाहीये. कायद्याची भीती खरी आहे का? आणि तुम्ही माळकरी असाल तर हा शेवट वाचून तुम्हाला दुखेल का, ते अगदी खरं सांगा.

कोर्टकचेरी
कायद्याचं तेवढं सांगते. भीती घातली जाते ती भारतीय दंड संहितेच्या कलम २९५अ ची, हे कलम १९२७ सालचं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात शब्द आहेत जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान, आणि सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच रामजीलाल मोदी खटल्यात सांगितलंय की सहज किंवा नकळत झालेला अपमान यात बसत नाही. शिवाय सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्ट या कलमाखाली दखलच घेऊ शकत नाही, हे बऱ्याच संपादकांना माहीत नसतं. दुःखाने माळ उतरवणारी काल्पनिक बाई यात कुठून बसवणार?

मात्र एक खरं, की निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत जो त्रास होतो तो कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांचं उदाहरण घ्या. त्यांची कादंबरी २०१० ची, विरोध पेटला २०१४ च्या शेवटी, जानेवारी २०१५ मध्ये प्रशासनाने शांतता बैठक बोलावून त्यांच्याकडून बिनशर्त माफी लिहून घेतली आणि त्या माणसाने फेसबुकवर लिहिलं की लेखक मुरुगन मेला. मद्रास हायकोर्टाने जुलै २०१६ मध्ये ती माफी बंधनकारक नाही म्हणून सांगितलं आणि लेखकाला परत लिहायला सांगितलं. दीड वर्ष गेलं मधे. तुमच्या संपादकांना तुरुंगाची नाही, या दीड वर्षाची भीती वाटतेय, आणि ती मला समजते.

पखवाज
ताई, मी माळकरी आहे, वडील भजनी मंडळात होते आणि मी पखवाज वाजवतो. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. पण राग नाही आला.

राग कधी येतो तेही सांगतो. २००८ ला आनंद यादवांच्या संतसूर्य तुकाराम कादंबरीवरून वाद झाला तेव्हा आमच्या गावातही निवेदन फिरलं होतं, त्यावर माझी सही आहे. तुकोबांच्या तरुणपणाबद्दल जे लिहिलं होतं ते आम्हाला सहन झालं नाही, कारण तुकोबा आमच्यासाठी कादंबरीतलं पात्र नाहीत, घरातलं माणूस आहे. आणि त्या माणसाने स्वतःचं काही लपवलेलं नाही हो, दुष्काळात धंद्याचं दिवाळं निघालं, बायको अन्न अन्न करत मेली, हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय, मग त्यांनी न सांगितलेलं त्यांच्या नावावर का चिकटवायचं, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण सही केली तेव्हा मी कादंबरी वाचलेली नव्हती. दोन पानांची झेरॉक्स होती फक्त, खाली रेघा मारलेल्या. ते मला आजही खातं.

तुमची बाई कोणी संत नाही, आमच्यातलीच एक आहे. आणि देवाशी भांडणं आम्हाला नवीन नाही. जनाबाईचा अभंग आम्ही भजनात म्हणतो, अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या, आणि शेवट आहे उभी राहूनि आंगणीं, शिव्या देत दासी जनी. तुकोबा म्हणतात माझे लेखीं देव मेला. हे टाळ वाजवत म्हणणाऱ्या माणसांच्या भावना तुमच्या कथेने दुखावतील असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्यात येऊन बसावं. आणि अजून एक, जिथे ती माळ ठेवते त्या पायरीखाली नामदेवांबरोबर जनाबाईचीही समाधी मानतात. म्हणून त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, वाकून हात लावून ओलांडतात. तुम्हाला माहीत असेलच, पण कथेत ते आलंय का?

माझी अडचण वेगळीच आहे. तुम्ही माळ काढणं फार सोपं केलंय. आमच्या आईची माळ एकदा मळणीच्या वेळी तुटली, मणी खळ्यात पसरले. नवी माळ गळ्यात पडेपर्यंत ती जेवली नाही. वडील सायकलवर तालुक्याला गेले, येईपर्यंत दिवेलागण झाली, तोपर्यंत ती चुलीपाशी बसून आम्हा पोरांना वाढत होती, स्वतः एक घास नाही. हात सारखा गळ्याशी जात होता. तुमची बाई माळ ठेवून एसटी स्टँडला गेली ना, मग ती जेवली का?

जुना_वाचक
पखवाज, तुमचं मनापासूनचं लिहिणं आवडलं, पण यादवांबद्दल मला तुमच्याशी वाद घालायचाय. त्यांनी माफी मागितली होती. पुस्तक मागे घेतलं गेलं होतं. तरी मार्च २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना आधीच सोडावं लागलं आणि ते संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. निवडून आलेला अध्यक्ष, झोंबी लिहिणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या भाषेच्या संमेलनात उभं राहता येऊ नये! पुढे २०१४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने बदनामीच्या खटल्यात लेखक आणि प्रकाशक दोघांना दोषी धरलं. कादंबरी वाईट असेल, त्यातलं संशोधन कच्चं असेल, मग तसं लिहा ना, फाडून काढा तिला परीक्षणात. घरातलं माणूस म्हणता तर मग तुकोबा माझ्याही घरातले आहेत, तुमच्या एकट्याच्या का? त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या तेव्हाही कोणाच्या तरी भावनाच दुखावल्या होत्या.

रानजाई, संपादकांना सांगा की शेवट बदलणार नाही, कथा परत घेतेय. आज माळ नको म्हणतायत, उद्या दर्शनबारी नको म्हणतील. त्या भीतीने किती कथा टेबलाच्या खणातच राहिल्या असतील, त्याची बातमी होत नाही कुठे.

पखवाज
जुना वाचक, वह्यांचं उदाहरण आम्हाला नेहमी देतात पण ते बरोबर नाही असं माझं मत. तिथे सत्ता असलेल्यांनी शूद्राला गप्प केलं होतं. २००८ ला आम्ही गावातली साधी माणसं होतो, लेखक मोठा होता. पण संमेलन अध्यक्षाविना झालं त्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. माफीनंतर थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही.

कोर्टकचेरी
एक छोटी दुरुस्ती, यादवांचा खटला बदनामीचा होता, २९५अ चा नाही. दोन्हीची सरमिसळ होते म्हणून सांगितलं. तुमच्या कथेत खरी व्यक्ती कोणी नाही, त्यामुळे बदनामीचा खटलाही तुमच्यावर बसत नाही.

रानजाई
सगळ्यांचे आभार. पखवाज दादा, तुमच्या त्या प्रश्नाने रात्रभर झोप नाही लागली. ती जेवली का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं माळ ठेवली की ती सुटली.

सकाळी आईला फोन केला आणि कथा सांगितली, शेवटासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पायरीवर टाकली की ठेवली? म्हटलं ठेवली. म्हणाली, मग लिही.

संपादकांना कळवलंय की माळ काढायचा प्रसंग जाणार नाही, पण शेवट मी पुढे नेतेय, चालत असेल तर छापा नाहीतर परत पाठवा. आता ती पायरीला आधी हात लावते, सवयीने, आणि मग माळ ठेवते. स्टँडवर भज्यांची पुडी घेते, कालपासून पोटात काही नाही. पुडीचा कागद तेलाने पारदर्शक होत जातो. फलटणची गाडी लागते, माणसं चढतात, तिचा हात गळ्याशी जातो आणि पुडी तशीच मांडीवर राहते.

दादा, एवढं बघून सांगा, माळ काढताना आधी पदर बाजूला करावा लागेल ना? आणि इतक्या वर्षांनी मानेवर वळ राहतो का?

पखवाज
राहतो. आईच्या मानेवर फिकट पट्टा होता, उन्हात न रापलेला. आणि माळ काढताना अंबाड्यात अडकते, दोन्ही हात लावावे लागतात, तेवढा वेळ डोक्यावरची तुळस कोणाकडे देते ते लिहा.