शेवटच्या वर्षात गुण घसरले, एक केटी लागली: इंग्लंडमधला सशर्त प्रवेश जाईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझी मुलगी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही मुलुंडला राहतो. इंग्लंडमधील एका विद्यापीठाने तिला येत्या सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमासाठी सशर्त प्रवेश दिला आहे. पत्र आले तेव्हा घरात दिवाळी झाली होती, कारण आमच्या दोन्ही घरांतून शिक्षणासाठी परदेशी जाणारी ती पहिलीच आहे.

पहिल्या सहा सेमिस्टरची तिची सरासरी ८.१ आहे. सातव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली होती, तरीही तिने सगळे पेपर दिले. निकाल लागला तेव्हा एका विषयासमोर ‘एफ’ होता, म्हणजे केटी लागली (त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागते), आणि त्यामुळे एसजीपीआयच्या, म्हणजे त्या सेमिस्टरच्या सरासरीच्या, रकान्यात आकडाच नव्हता, नुसती रेघ होती. उरलेल्या विषयांतही नेहमीपेक्षा बरेच कमी गुण आहेत. त्या दिवसापासून ती अभ्यासाला बसते खरी, पण पुस्तक उघडे ठेवून त्या पत्राचे दुसरे पान पुन्हा पुन्हा वाचत असते. त्या पानावर अटी आहेत: पदवी यशस्वीपणे पूर्ण झालेली असावी, अंतिम सरासरी दहापैकी किमान ७.५ असावी, आणि या दोन्हींचा पुरावा ३१ ऑगस्टपर्यंत पोहोचावा.

ज्यांच्यामार्फत अर्ज केला ते कन्सल्टंट म्हणतात, विद्यापीठाने विचारलेले नाही, तेव्हा आपणहून काहीही कळवू नका. तिच्या एका प्राध्यापकांचे मत नेमके उलट आहे. ते म्हणतात, आजच्या आज कळवून मोकळे व्हा. ज्या विषयात केटी लागली त्याच्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला आहे, उत्तर अजून आलेले नाही. विद्यापीठाची अनामत रक्कम यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून भरून झाली आहे आणि राहत्या घराच्या तारणावर बँकेने कर्जही मंजूर केले आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एका सेमिस्टरच्या घसरणीमुळे विद्यापीठ दिलेला प्रवेश काढून घेते का? केटी लागल्याचे आत्ताच कळवणे तिच्या हिताचे आहे का? आणि सगळेच फिसकटले, तर भरलेल्या पैशांचे काय होते? ज्यांच्या घरात हे घडून गेले आहे किंवा ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी मुंबईत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि दर वर्षी परदेशी जाणाऱ्या मुलांची शिफारसपत्रे लिहितो. तुमचा मजकूर वाचून असे वाटले की तुमची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या अटीवर अडकून बसली आहे.

आधी सरासरीचे पाहू. सहा सेमिस्टरची सरासरी ८.१ म्हणजे बेरीज ४८.६. आठ सेमिस्टरची सरासरी ७.५ यायची तर बेरीज ६० लागते, म्हणजे सातव्या आणि आठव्या सेमिस्टरचे मिळून ११.४ हवेत. केटी सुटल्यावर सातव्याचा आकडा समजा ६.२ इतका खाली आला, तरी आठव्यात ५.२ पुरेसे आहेत, आणि तुमची मुलगी त्याच्या कितीतरी वर राहील. प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट (विषयांना दिलेले वजन) अगदी सारखे नसतात, त्यामुळे खरा हिशेब क्रेडिट धरून करावा. पण चित्र फारसे बदलणार नाही. पत्रात ‘अंतिम सरासरी’ असेच लिहिले आहे ना, एवढे मात्र पुन्हा तपासा. काही पत्रांत शेवटच्या वर्षाच्या सरासरीची वेगळी अट असते आणि तसे असेल तर हे सगळे गणित बदलते.

खरा धोका केटीचा आहे. सरासरी थोडी कमी पडली तर विद्यापीठ कधी कधी सवलत देते, कारण तो त्यांच्या अखत्यारीतला निर्णय असतो. पदवीच पूर्ण झाली नाही तर त्यांचे हात बांधलेले असतात. म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर एक दिवसही राहू नका. त्याचा निकाल परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटल्यानंतरही येऊ शकतो. सातव्या सेमिस्टरच्या केटीचा अर्ज आजच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारून भरून टाका आणि भरल्याची पावती जपून ठेवा. पुनर्मूल्यांकनात ती उत्तीर्ण झाली तर फक्त शुल्क वाया जाईल. आठव्या सेमिस्टरच्या परीक्षा आणि ही केटी एकाच हंगामात येतील, तेव्हा तिने सगळी शक्ती अभ्यासाच्या वेळापत्रकावर लावावी. पत्राचे दुसरे पान तुम्ही तुमच्याकडे घेऊन ठेवा.

दुसरा धोका निकालाच्या तारखेचा. २०१७ साली उत्तरपत्रिकांची तपासणी ऑनलाइन करण्याच्या निर्णयानंतर मुंबई विद्यापीठाचे निकाल इतके रखडले की परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची मोठी अडचण झाली होती. दर वर्षी तसे होत नाही, पण ३१ ऑगस्टची तारीख हातात असताना कोणत्याही निकालाला गृहीत धरू नये. मे महिन्यातच प्राचार्यांकडून महाविद्यालयाच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या, ज्यात परीक्षा कधी संपल्या आणि निकाल साधारण कधी अपेक्षित आहे हे लिहिलेले असेल. निकाल लागला की ऑनलाइन गुणपत्रिकेची प्रत प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी घेऊन लगेच पाठवा. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते आणि तोपर्यंत तिथले वर्ग सुरू झालेले असतात. विद्यापीठाच्या कलिना संकुलातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्रित अधिकृत दाखला) काढायला वेळ लागतो, तो अर्जही वेळेवर करावा.

प्रतिसाद

मी स्वतः ब्रिटनमध्ये सशर्त प्रवेशावरच गेलो होतो, म्हणून कळवण्याच्या प्रश्नापुरते लिहितो. अट अंतिम निकालावर आहे, त्यामुळे विद्यापीठाने मागितल्याशिवाय मधल्या सेमिस्टरची गुणपत्रिका पाठवण्याचे बंधन सहसा नसते. अर्ज करताना सही केलेल्या अटींमध्ये बदल कळवण्याविषयी काही लिहिले आहे का, ते मात्र वाचून घ्या. तुमचे कन्सल्टंट इथपर्यंत बरोबर आहेत. पण गप्प राहण्यात तुमचे नुकसान असे की निकाल लांबला, तर ऑगस्टच्या शेवटी घाईघाईने मुदत मागावी लागेल, आणि त्या दिवसांत प्रवेश विभागाकडे अशा पत्रांचा ढीग असतो.

मुलीने स्वतःच्या अधिकृत ईमेलवरून, अर्जाचा क्रमांक देऊन, तीनच गोष्टी विचाराव्यात: एका विषयाची फेरपरीक्षा आठव्या सेमिस्टरबरोबर होत आहे, तर दोन्ही निकाल एकत्र पाठवलेले चालतील का, निकालाला उशीर झाला तर मुदत वाढवून मिळेल का, आणि तसे शक्य नसेल तर प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येईल का. हे पत्र तुम्ही लिहू नका. विद्यार्थिनीची लेखी परवानगी नसेल तर तिथली विद्यापीठे पालकांशी तिच्या अर्जाबद्दल बोलत नाहीत.

व्हिसासाठी लागणारा सीएएस क्रमांक (प्रवेश पक्का झाल्याचा विद्यापीठाकडून मिळणारा क्रमांक) सगळ्या अटी पूर्ण झाल्यावरच मिळतो आणि भारतातून केलेल्या अर्जाचा निर्णय यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून ३१ ऑगस्टपर्यंत न थांबता निकालाच्या दिवशीच कागद पाठवावेत. अनामत रकमेबाबत प्रत्येक विद्यापीठाचे नियम निराळे असतात. शैक्षणिक अट पूर्ण न झाल्यास रक्कम परत देण्याची तरतूद पुष्कळ ठिकाणी असते, पण ती किती दिवसांत आणि काय पुरावा देऊन मागायची हे तिथे लिहिलेले असते. तो नियम छापून घराच्या फाइलमध्ये ठेवा. कर्ज नुसते मंजूर झाले आहे, उचललेले नाही, तोवर त्याची चिंता करू नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. पत्र पुन्हा वाचले. अट अंतिम सरासरीचीच आहे, शेवटच्या वर्षाची वेगळी अट कुठेही नाही. हिशेब मुलीसमोर कागदावर मांडला तेव्हा तिने तो स्वतः क्रेडिट धरून पुन्हा केला आणि कितीतरी दिवसांनी रात्री व्यवस्थित जेवली. केटीचा अर्ज भरण्यासाठी उद्या ती महाविद्यालयात जाणार आहे आणि ईमेलचा मसुदाही तिने तयार केला आहे. एकच शंका उरली आहे: काविळीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्ततपासणीचे अहवाल आत्ताच्या ईमेलला जोडावेत का?

प्रतिसाद

आत्ता जोडू नका. परीक्षेच्या काळात आजारी होते आणि कागदपत्रे उपलब्ध आहेत, एवढे एक वाक्य पुरेसे आहे. प्रवेश विभाग मागेल तेव्हा किंवा अंतिम सरासरी अटीपेक्षा कमी भरली आणि सवलतीचा विचार करा असे लिहायची वेळ आली, तर ती कागदपत्रे कामाला येतील. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजाराच्या तारखा स्पष्ट आहेत ना आणि त्या परीक्षेच्या वेळापत्रकाशी जुळतात ना, हे मात्र आत्ताच पाहून घ्या. तारीख नसेल तर डॉक्टरांकडे आत्ताच जा, कारण जुन्या केसपेपरवरून नवे प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये मागणे फार अवघड होते.