शिक्षा, सजा, दंड, अद्दल: नेमका फरक काय?

अनुस्वार
विधी शाखेच्या टिपणांचं मराठीकरण करतोय. प्रकरणाचं नाव 'शिक्षेची उद्दिष्टं'. शेजारच्या टेबलावरच्या लखनौच्या सहकाऱ्याने मथळा वाचून विचारलं, "बी.एड. करताय की काय?" हसलो, पण गाडी तिथेच अडली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे छडी. हे कसं?

दुसरी अडचण मोठी. पाठ्यपुस्तकात प्रतिशोधात्मक, प्रतिबंधात्मक, सुधारणात्मक अशा उपपत्ती दिल्यात. मधली मला बोचते. प्रतिबंधात्मक कारवाई पोलीस गणपतीच्या आधी करतात, गुन्हा घडायच्या आत. ती शिक्षा नव्हेच. एकाला झालेली शिक्षा बघून बाकीचे चार बिचकतात, त्याला शब्द काय?

जुनीवही
वेगळे आपण नाही, हिंदी आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही शिक्षा म्हणजे आपलीच शिक्षा. धातू शिक्ष्, म्हणजे शक् धातूचं इच्छार्थक रूप: जमावं असं वाटणं, म्हणून शिकणं. तिथून छडीपर्यंतचा रस्ता लांब नाही. "थांब, चांगलं शिकवते तुला" असं आई म्हणाली की पोरगं पुस्तक काढत नाही, पळतं.

सजा फारसी. तिकडे मूळ अर्थ योग्य, लायक. म्हणजे ज्याचं जे माप, ते त्याच्या पदरात. कौटिल्याचा 'यथार्हदंड' हाच: दंड कडक असला तर लोक धास्तावतात, मऊ असला तर जुमानत नाहीत, यथार्ह दंड करणाराच पूज्य ठरतो. म्हणून तुमच्या पहिल्या उपपत्तीला प्रतिशोध म्हणू नका. प्रतिशोध म्हणजे सूड, आणि सुडाला माप नसतं.

पुढचीतारीख
कोर्टात आमचा हिशेब सरळ आहे. शिक्षा ही सगळ्यांची आई, दंड म्हणजे पैसे. "पाच वर्षं सक्तमजुरी आणि दहा हजार दंड, दंड न भरल्यास आणखी तीन महिने." पण कायद्याचं नाव भारतीय दंड संहिता, तिथे दंड संस्कृत अर्थाने, म्हणजे फाशीपासून सगळं त्यात. 1 जुलै 2024 पासून तीही गेली, भारतीय न्याय संहिता आली. नावातला दंड गेला, आतला नाही. उलट किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची नवी शिक्षा आली. नाव बदललं म्हणून उद्दिष्ट बदललं असं मला तरी वाटत नाही. आमच्या एका पक्षकाराने तर विचारलं, "साहेब, आता न्याय किती वर्षांचा होईल?"

पानवेल
न्याय किती वर्षांचा, हे झकास! पण मराठीत असं आधीच झालंय, फक्त उलट्या दिशेने. 'अद्दल' घ्या. मूळ अरबी अद्ल, अर्थ न्याय. अदालतही त्यातलीच. आपल्याकडे न्याय झिजून गेला आणि उरलं काय, तर "चांगली अद्दल घडली". 'गुन्हेगारी'चंही तसंच. मराठेशाहीच्या कागदांत वाद जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती हरकी आणि हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी, म्हणजे चक्क रक्कम!

अवांतर: तुरुंग हा पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला. अर्थ झाडाचं खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. आपला 'खोडा'ही खोडावरूनच. म्हणजे 'तुरुंगात टाकलं' आणि 'पायात खोडा घातला' ही एकच गोष्ट दोन भाषांतून. सुधारणा वगैरे काही नाही, माणूस हलू नये एवढंच. आता खात्याचं नाव कारागृह व सुधारसेवा झालंय. औंध संस्थानाने मात्र 1939 मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतींशिवाय कैदी ठेवून दाखवले होते, आणि गावाचं नावही काय ठेवलं बघा.

जुनीवही
यादीत प्रायश्चित्त राहिलं की! 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्र्यांनी राघोबादादांना 'देहांत प्रायश्चित्त' सांगितलं म्हणतात. शिक्षा नाही, दंड नाही. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं. समोर सत्ताधीश असताना शास्त्र्यांनी निवडलेला शब्द मला फार मोजून मापून वाटतो.

अनुस्वार
सगळ्यांचे आभार. पहिल्याला 'यथार्ह' घेतो. मधल्याला धाक, वचक, दहशत घासून बघितले. धाक घरातला वाटतो, वचक माणसाचा असतो, कायद्याचा कमी. दहशत तर गुंडाची. 'जरब' बसते, "कायद्याची जरब राहिली नाही" असं आपण रोज म्हणतोच. फक्त 'जरबात्मक' लिहिणार नाही, 'जरबेसाठी शिक्षा' एवढंच.

सुधारलेला कागद सहकाऱ्याला दाखवला. 'जरब'वर बोट ठेवून म्हणाला, "ज़र्ब तो गुणा को कहते हैं. अब गणित पढ़ा रहे हो?"