मदत हवी आहे : पशुआहार आणि पशुकल्याण एकत्र कसे शिकवावे?

सप्रेम नमस्कार. मी पशुवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात पशुआहारशास्त्र शिकवतो आणि एका अडचणीबाबत अनुभवी अध्यापकांचे मार्गदर्शन मागत आहे.

लग्नसराईत उरलेला भात किंवा पोळ्या गाईला एकदम भरपूर घातल्या, की कोठीपोटात (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) लॅक्टिक आम्ल साचते, एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा सामू (pH) ५.५ च्याही खाली उतरतो, रवंथ थांबतो आणि वाचलेली गाय पुढे कित्येकदा खुरांच्या आतल्या सुजेने लंगडते. ही साखळी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत अचूक लिहितात. परंतु गोठ्यात उभे राहिल्यावर त्याच गाईच्या वेदनेकडे, कोरड्या पाणवठ्याकडे किंवा निसरड्या जमिनीकडे त्यांचे लक्ष जात नाही, कारण आहार एका विषयात आणि कल्याण दुसऱ्या विषयात असे आपणच त्यांना शिकवले आहे. हे मला फार खटकते.

पाठीचा कणा व माकडहाड चाचपून शरीरस्थितीला, म्हणजे जनावर किती रोड वा पुष्ट आहे याला, १ ते ५ गुण देण्याचा सराव मी घेतो. त्याच भेटीत चाल, बसण्याची जागा आणि गव्हाण यांचेही निरीक्षण करून घ्यायचे असेल, तर साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाची विभागणी कशी करावी? पशुपालकाला न दुखावता आहारातील चूक सांगण्याच्या कौशल्याला गुण कसे द्यावेत? कोणी मराठीतून निरीक्षणपत्रक तयार केले असल्यास कृपया त्याचा नमुना द्यावा. पुढील सत्राच्या प्रात्यक्षिकांत मी तो वापरून पाहीन.