ग्रहाच्या हवेतलं सोडियम ताऱ्याच्या सोडियमपासून वेगळं कसं ओळखतात?

दिवाबत्तीवाला, नौपाडा

नमस्कार मंडळी. मी एकतीस वर्षं रस्त्यावरच्या दिव्यांचं काम केलं. घोडबंदर रोड, कोपरी, वागळे इस्टेट. शिडीच्या गाडीवरून सोडियमचे किती दिवे बदलले याची मोजदाद नाही. दिवा लागतो, तापतो, विझतो आणि थंड झाला की पुन्हा लागतो, असं दिसलं की खालूनच सांगायचो, नळी संपली. आता सगळीकडे एलईडी आले.

म्हणूनच परवा वाचलेलं डोक्यातून जात नाही. 2001 साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून महाश्व तारकासमूहातल्या एचडी 209458 या ताऱ्याच्या ग्रहाभोवती सोडियम सापडल्याचं जाहीर झालं. परक्या ताऱ्याच्या ग्रहाची हवा माणसाने पहिल्यांदा तपासली, आणि त्यात मिळालं काय, तर सोडियम! मला फार आनंद झाला. ग्रह गुरूसारखा अवाढव्य, पण ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वर्ष साडेतीन दिवसांचं. हवा हजार अंशांच्या वर तापलेली, म्हणून सोडियमची वाफ टिकते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना कडेच्या हवेतून उजेड गाळून येतो. इथवर कळलं.

पण सोडियम ताऱ्यातही असतं ना? मग हे ग्रहाचंच, हे कशावरून? आणि दुसरं, माझ्या ओळखीचं सोडियम उजेड देतं. इथे ते उजेड शोषतं म्हणतात. हे कसं?

वर्णपट, खारघर

काका, मी एमएस्सीला आहे, जमेल तसं सांगते. ग्रह समोर आला की ताऱ्याचा उजेड साधारण दीड टक्क्याने घटतो. सोडियमच्या पिवळ्या रंगात, म्हणजे 589 नॅनोमीटरच्या आसपास, ही घट शेजारच्या रंगांपेक्षा किंचित जास्त भरली. किती, तर दहा हजारांत जेमतेम दोन भाग. ताऱ्याचं सोडियम ग्रह येण्याआधीही असतं आणि गेल्यावरही. ही जादा घट मात्र ग्रहाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते.

तरी तुमची शंका साधी नाही. तारा स्वतःभोवती फिरतो. ग्रह कधी त्याची आपल्याकडे येणारी कड झाकतो, कधी लांब जाणारी, त्यामुळे ताऱ्याच्याच सोडियमरेषेचा, म्हणजे सोडियमने उजेड गिळल्यामुळे पिवळ्यात पडणाऱ्या काळ्या रेघेचा, आकार बदलल्यासारखा दिसतो. 2020 आणि 2021 मध्ये एका गटाने जास्त बारीक वर्णपट, म्हणजे उजेडाची रंगारंगांत केलेली फोड, घेऊन हा परिणाम हिशेबात धरला, तेव्हा याच ग्रहाच्या सोडियमची खूण उरली नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यावर वाद आहे. म्हणजे तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

उजेड शोषण्याचं म्हणाल तर तुमचा दिवा तेच करायचा. नळीच्या मध्यभागी वाफ प्रचंड तापलेली, भिंतीजवळ त्यामानाने थंड. आतून आलेला नेमका 589 चा उजेड ही थंड वाफ गिळते. खोक्याला बारीक फट पाडून आत जुन्या सीडीचा तुकडा लावा आणि सोडियमचा दिवा बघा. पिवळ्याच्या मधोमध काळी पट्टी दिसेल.

कळवेकर

तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण चांगल्या द्विनेत्रीतून सापडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी भाद्रपदांचा मोठा चौकोन वर आला की नकाशा घेऊन त्याच्या आसपास शोधा. येऊरच्या बाजूला आकाश जरा बरं मिळतं.

दिवाबत्तीवाला, नौपाडा

ताई, एकच दिवा पिवळा देतो आणि पिवळा गिळतोही, हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं ते एवढंच, की कमी दाबाच्या नळीत निव्वळ पिवळा उजेड मिळतो आणि दाब वाढवला की रंग दोन्ही बाजूंना पसरतो. त्या ग्रहांवर या दाबाचा काही संबंध येतो का?

वर्णपट, खारघर

काका, येतो, आणि मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो! हवेत खोल गेलं की दाब वाढतो, तिथल्या सोडियमची रेषा तुमच्या दिव्यासारखीच रुंदावते. वर ढग असतील तर तो खालचा थर झाकला जातो, उरतो फक्त रेषेचा मधला अरुंद गाभा. 2018 मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने वॅस्प-96 बी या ग्रहाची सोडियमरेषा दोन्हीकडच्या उतारांसकट पूर्ण पाहिली. त्यावरून त्या उंचीवर ढगांचा अडथळा नाही, असा अर्थ काढला गेला. पुढे जुलै 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले निकाल आले, त्यात याच ग्रहाच्या हवेतल्या पाण्याच्या वाफेचा वर्णपट होता.

दिवाबत्तीवाला, नौपाडा

काल बघितलं. वागळे इस्टेटला ओळखीच्या एका गाळ्यामागे अजून 150 वॉटचा एक सोडियम आहे. नातवाच्या बुटांचं खोकं, सीडी, सगळं घेऊन गेलो. दिवा लावल्यावर आधी फिकट पांढरट, मग एकच पिवळी रेघ, अगदी बारीक. मिनिटभरात ती जाड होऊ लागली, हिरवा-लाल भरत गेला, आणि पिवळ्याच्या मधोमध काळी फट उघडली. नातू म्हणाला, आजोबा, रेघ फाटली!

दिवा बंद केला. थंड होईपर्यंत तिथेच पायरीवर बसलो आणि पुन्हा लावला. असं तीनदा केलं. बारीक रेघ असते तेव्हा त्याला सांगितलं, हा ढगाळ ग्रह. पसरली की म्हटलं, हा वॅस्प-96 बी.