मदत हवी आहे: घरच्या व्हिडिओ संकलनासाठी डिस्क, एनएएस आणि संगणकाची निवड

नमस्कार,

ज्येष्ठ कलावंत आणि शिक्षक यांच्या दीर्घ मुलाखती चित्रित करून त्यांचे संकलन मी घरीच करते. एकेक मुलाखत दोन-अडीच तास चालते आणि तीन कॅमेरे सलग सुरू असतात. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वय पाहता पुन्हा चित्रीकरण करण्याची शक्यता गृहीत धरता येत नाही. त्यामुळे साठवणीचा प्रश्न माझ्या दृष्टीने वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सुरक्षिततेचा आहे.

मुख्य कॅमेरा ४के, सेकंदाला २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (रंगाची अधिक माहिती जपणाऱ्या) एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) या स्वरूपात २०० मेगाबिट वेगाने चित्रण करतो. उरलेले दोन कॅमेरे प्रत्येकी १०० मेगाबिटचे असून त्यांचे चित्रण ८-बिट एच.२६४ मध्ये येते. म्हणजे (आठ बिटचा एक बाइट धरून) तिन्ही मिळून सेकंदाला ५० मेगाबाइट, तासाला १८० गिगाबाइट आणि अडीच तासांच्या मुलाखतीसाठी ४५० गिगाबाइट असा हिशोब होतो. संगणकात आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ गिगाबाइट रॅम, ८ गिगाबाइट मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आणि १ टेराबाइटची साटा एसएसडी आहे. मूळ चित्रण ८ टेराबाइटच्या बाह्य हार्ड डिस्कवर असते आणि त्याची दुसरी प्रत तशाच आणखी एका डिस्कवर ठेवलेली असते.

अडचण अशी की, तिन्ही कॅमेरे एकत्र लावून टाइमलाइन चालवली की एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र गोठते, आवाज मात्र पुढे जात राहतो. प्लेहेड (टाइमलाइनवरची जागा दाखवणारी रेघ) मागे-पुढे ओढला की डिस्कची खरखर स्पष्ट ऐकू येते आणि चित्र बऱ्याच उशिराने उमटते. डिस्क सलग वाचनात सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वर जाते हे मी तपासले आहे, आणि माझी गरज तर ५० मेगाबाइटचीच आहे; त्यामुळे हा वेग का पुरत नाही हे कोडे सुटत नाही.

चार डिस्क मावणारे एनएएस (जाळ्यावरून वापरायची साठवणपेटी) घेऊन ते रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत ठेवणाऱ्या) पद्धतीने बसवावे, त्यावरच संकलन करावे आणि तोच संग्रहही समजावा, असा एक विचार आहे. दुसरा पर्याय म्हणजे संगणकातच मोठी एनव्हीएमई (साटापेक्षा बरीच वेगवान) एसएसडी बसवून आताच्या हार्ड डिस्क केवळ साठवणीसाठी ठेवाव्यात. हार्ड डिस्क पूर्णपणे सोडून सगळेच एसएसडीवर न्यावे, असाही सल्ला मला मिळाला आहे. यांपैकी कोणता मार्ग एकट्या व्यक्तीच्या कामाला योग्य ठरेल, आणि संगणकातले नेमके काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

प्रश्न व्यवस्थित मांडल्याबद्दल आभार. आकडे दिलेले असल्यामुळे नेमके उत्तर देता येते.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि खरेदीपूर्वी त्या सुट्या करणे फार महत्त्वाचे आहे. पहिली डिस्कची. हार्ड डिस्कचा दीडशे मेगाबाइट हा वेग एकच फाइल सलग वाचतानाचा असतो. तीन फाइली एकाच वेळी मागितल्या की डिस्कचे हेड सतत एका जागेवरून दुसरीकडे धावते, प्रत्येक उडीत साधारण दहा मिलिसेकंद जातात, आणि तुम्ही ऐकता ती खरखर याच धावपळीची आहे. शिवाय डिस्क भरत जाते तसा आतल्या कडेचा वेग बाहेरच्या कडेच्या जवळपास निम्म्यावर येतो.

दुसरी अडचण डीकोडिंगची, म्हणजे दाबलेले चित्र उलगडण्याची, आणि माझा संशय तिच्यावर अधिक आहे. एच.२६४ आणि एच.२६५ यांमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली नसते. बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमच्या आधारे उभ्या कराव्या लागतात. त्यातही १०-बिट ४:२:२ एच.२६५ हे स्वरूप एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेपूर्वीच्या ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरमधून उलगडता येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सला ते जमते, ॲपलच्या एम मालिकेलाही जमते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते त्यांत अंगभूत ग्राफिक्स चालू नसते, हे खरेदी करताना आवर्जून पाहावे. हा आधार नसला की सगळा भार कोअरवर पडतो, आणि मग डिस्क कितीही वेगवान घेतली तरी चित्र गोठणारच.

म्हणून आधी एक चाचणी करा. दहा मिनिटांचे तिन्ही कॅमेऱ्यांचे चित्रण आतल्या साटा एसएसडीवर उतरवा आणि तेथूनच टाइमलाइन चालवा. त्या वेळी टास्क मॅनेजर उघडा ठेवून प्रोसेसर, डिस्क आणि ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डीकोड हे तिन्ही आलेख पाहा. चित्र सुरळीत झाले तर दोष डिस्कचा. डिस्क निवांत, डीकोडचा आलेख जेमतेम हलणारा आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांच्या आसपास, असे दिसले तर दोष डीकोडिंगचा.

तसे निघाल्यास नवा संगणक हा एकमेव उपाय नाही. १०८० आकाराच्या प्रोरेस (संकलनाला सोपे असे ॲपलचे स्वरूप) प्रॉक्सी, म्हणजे हलक्या पर्यायी प्रती, बनवून त्यांवर संकलन करा आणि अंतिम फाइल काढताना मूळ चित्रण जोडा. २५ फ्रेमला अशी प्रॉक्सी सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट घेते. तीन कॅमेऱ्यांचे मिळून तासाला सुमारे ५१ गिगाबाइट. याउलट पूर्ण ४के आकारात प्रोरेस ४२२ केले तर एकेका कॅमेऱ्याला ४९२ मेगाबिट लागतात, म्हणजे तिन्हींचे सेकंदाला जवळपास १८५ मेगाबाइट. त्यामुळे तो मार्ग तुमच्यासाठी नाही.

आता साठवणीकडे येतो. तुम्ही एकट्या, एकाच संगणकावर काम करता. अशा वेळी संकलनासाठी मध्येच एनएएस आणण्याचे कारण मला दिसत नाही. एक गिगाबिटच्या जाळ्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच मिळतात. चालू कामासाठी संगणकातच ४ टेराबाइटची एनव्हीएमई एसएसडी बसवा. प्रॉक्सी धरून एका मुलाखतीला सुमारे ५८० गिगाबाइट लागतील. थोडी जागा मोकळी ठेवूनही पाच मुलाखती त्यावर मावतात. एसएसडी टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) प्रकारची निवडा. क्यूएलसी (चार बिटच्या) प्रकारात सुरुवातीचा कॅश (वेगवान तात्पुरती जागा) भरला की मोठी फाइल लिहितानाचा वेग कधी कधी हार्ड डिस्कइतका खाली येतो, आणि तुमचे काम तर सगळे मोठ्या फाइलींचेच आहे. मदरबोर्डची माहितीपुस्तिकाही आधी वाचा, कारण काही मदरबोर्डवर एसएसडीसाठीचा दुसरा एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात.

रेड ५ ला संग्रह समजणे मात्र धोक्याचे आहे आणि हे मी आग्रहाने सांगतो. रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल, विजेचा झटका, चोरी, खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस, यांपैकी कशापासूनही रेड वाचवत नाही. १६ टेराबाइटची बिघडलेली डिस्क बदलल्यावर, सेकंदाला २०० मेगाबाइटचा वेग अखंड मिळाला तरी पुनर्बांधणीला २२ तास लागतात. त्या काळात दुसरी डिस्क गेली की सगळेच जाते. त्याऐवजी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. सध्या तुमच्या दोन प्रती एकाच जातीच्या डिस्कवर आणि बहुधा एकाच खोलीत आहेत. सर्वांत आधी ही उणीव भरून काढा.

संग्रहासाठी हार्ड डिस्कच घ्या, एसएसडी नको. सेमीकंडक्टरची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या निकषानुसार, लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज न मिळता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली तरी ती निकषात बसते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याच्या वस्तूला हे पुरेसे नाही. डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी, फेरलेखनात संथ) नसून सीएमआर (पट्ट्या सुट्या ठेवणारी) असल्याची खात्री करा, विशेषतः ती पुढे कधी रेडमध्ये वापरायची असेल तर. कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवताना चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा अंक) ताडून पाहणारे साधन वापरा आणि दुसरी प्रत पडताळून होईपर्यंत कार्ड पुसू नका.

बाकी, ३२ गिगाबाइट रॅम या कामाला पुरेशी आहे. यूपीएस नसेल तर तो मात्र लगेच घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेली चाचणी केली. चित्रण एसएसडीवर असतानाही मुख्य कॅमेऱ्याचा एकटा प्रवाह अडखळत होता. प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालू होता, तर डिस्कचा आलेख दहा टक्क्यांच्या वर गेला नाही. उरलेले दोन कॅमेरे मात्र सहज चालले. त्यानंतर त्याच दहा मिनिटांच्या प्रॉक्सी केल्या, तेव्हा तिन्ही प्रवाह न थांबता चालले आणि प्लेहेड ओढताना चित्र बोटाबरोबर सरकू लागले. त्यामुळे नवा संगणक आणि एनएएस हे दोन्ही विचार तूर्त बाजूला ठेवते आणि टीएलसी एनव्हीएमई, घराबाहेरच्या प्रतीसाठी सीएमआर डिस्क आणि यूपीएस एवढेच घेते.

एक शंका उरते. काम पूर्ण झाल्यावर प्रॉक्सीही संग्रहात ठेवाव्यात का? आणि दहा वर्षांनी मुलाखत पुन्हा उघडायची झाली तर मूळ चित्रणाखेरीज आणखी काय जपून ठेवणे आवश्यक आहे?

प्रतिसाद १ चे लेखक

प्रॉक्सी ठेवू नका. मूळ चित्रणातून त्या केव्हाही पुन्हा बनवता येतात. मूळ चित्रणाचे फोल्डर कॅमेऱ्याने केले तसेच, नावे न बदलता ठेवा, नाहीतर प्रकल्पाला फाइली सापडत नाहीत. स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण केले असेल तर त्याच्या मूळ वेव्ह फाइली, शीर्षकांसाठी वापरलेले फॉन्ट आणि रंगसंस्काराचे लट (रंग कसे बदलायचे ते सांगणाऱ्या फाइली) हेही त्याच फोल्डरमध्ये जाऊ द्या. प्रकल्पाची फाइल त्या-त्या संकलन-प्रणालीच्या आवृत्तीशी बांधलेली असते, म्हणून तिच्यासोबत टाइमलाइनची एक्सएमएल प्रतही काढून ठेवा. दुसऱ्या प्रणालीत निदान कट तरी जसेच्या तसे उघडतात. तयार मुलाखतीची एक प्रत प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये असावी. २५ फ्रेमच्या ४के चित्राला ती ७३७ मेगाबिट घेते, म्हणजे अडीच तासांना सुमारे ८३० गिगाबाइट होतात. हे जड वाटल्यास साधे प्रोरेस ४२२ करा, त्याला सुमारे ५५५ गिगाबाइट पुरतील. आणि वर्षातून एकदा संग्रहाच्या डिस्क जोडून चेकसम पुन्हा ताडून पाहा.