फिशआय फोटो सरळ करायला कोणतं सॉफ्टवेअर?

प्रश्न: ८ मिमी फिशआयने (खूप रुंद दृश्य टिपणारी, पण रेषा वाकवणारी लेन्स) खोल्यांचे फोटो काढलेत. दाराच्या चौकटी धनुष्यासारख्या वाकल्यात. फुकटातलं काही सुचवा.

उत्तर १: ह्युजिन घ्या, पॅनोरामा जोडायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. लेन्सचा प्रकार फिशआय ठेवा आणि चौकटीवर उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट (ही रेषा सरळ उभी हवी, असं सांगणाऱ्या खुणा) द्या. रेक्टिलिनिअर प्रोजेक्शनवर (चित्र सपाट करायची अशी पद्धत, जिच्यात सगळ्या सरळ रेषा सरळच राहतात) अडून बसू नका. फिशआयचं १८० अंशांचं दृश्य त्यात मावतच नाही, कडेच्या वस्तू भयंकर ताणल्या जातात. पाणिनी प्रोजेक्शन (उभ्या रेषा सरळ ठेवतं, पण कडा कमी ताणतं) करून बघाच, मला तेच सर्वात आवडतं.

उत्तर २: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) असेल आणि लेन्सफनमध्ये (लेन्सच्या दोषांची माहिती असलेला डेटाबेस) तुमची लेन्स सापडली, तर डार्कटेबल हे फुकट फोटो-संपादन सॉफ्टवेअर सोपं पडेल.

प्रश्नकर्ता: पाणिनीने चौकटी सरळ झाल्या! छताची आडवी रेषा मात्र वाकडीच आहे.

उत्तर १: ह्युजिनमध्येच 'पाणिनी जनरल' प्रोजेक्शन निवडा. त्यात वरच्या आणि खालच्या आडव्या रेषांसाठी वेगळे आकडे आहेत. वरचा हळूहळू वाढवा.