टोपली कलादालनात मांडताना विणणारीचे नाव कोठे लिहावे?

बोरिवलीकर
आमच्या ग्रंथालयाच्या दालनात जव्हार-मोखाडा परिसरातील आदिवासी बांबूकामाचे छोटेसे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. सुपे, रोवळ्या, एक कणगी आणि भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतात ते इरले एवढ्या वस्तू जमल्या आहेत. या रोजच्या वापरातल्या वस्तू असल्यामुळे वार्निश लावल्याशिवाय लोक त्यांना कला मानणार नाहीत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जव्हारची लेक
वार्निश कृपा करून लावू नका. माझी आत्या बांबू कोयत्याने चिरते, पायाच्या बोटांत कामटी धरून तासते आणि पात्याची जाडी डोळ्यांनी नव्हे, तर अंगठ्याने पारखते. सुपाची वीण इतकी घट्ट हवी की पाखडताना कणीही अडकू नये, आणि रोवळीची इतकीच सैल की धुतलेल्या तांदळाचे पाणी निथळावे, पण दाणा निसटू नये. सूप आणि रोवळी शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे ही कला आपोआप दिसेल. फार कोवळा बांबू किडतो आणि जून बांबू वाकवताना तुटतो, तेव्हा काठी निवडण्यापासूनच हे काम सुरू होते. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ मध्ये कायद्यातील 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावरच्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली, हेही फलकावर अवश्य लिहा. माल हाताशी नसेल तर पुनरुज्जीवन कशाचे करणार?

कलाशिक्षक, दादर
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. भर घालायची ती नावाची. वारली चित्रे लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढत आणि तेथे नाव कोणी लिहीत नसे. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांची कागदावरची चित्रे मुंबईच्या कलादालनांत आली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि शहराने प्रथमच त्या चित्रामागचा माणूस पाहिला. टोपलीच्या वाट्याला हे अजून आलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातील आदिवासी स्त्रियांनी १९९५ मध्ये टोपल्या विणण्याच्या कार्यशाळांतून 'जाम्पी' हा उपक्रम उभा केला (जाम्पी म्हणजे तिथले गवत), आणि २००५ मध्ये त्यांच्यातील काही जणींनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणून तेथील राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळवला. त्यांच्या टोपल्यांवर विणणारीचे नाव असते. आपणही प्रत्येक वस्तूखाली नाव, गाव आणि विणायला लागलेले दिवस लिहावेत, आणि विक्री झाल्यास किंमत त्या दिवसांवरून ठरवावी.

बोरिवलीकर
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वार्निशचा बेत रद्द केला आहे. नावे विचारण्यासाठी आज गावी फोन केला, तेव्हा सूप विणणाऱ्या ताई म्हणाल्या, "वीण माझी, पण काठ जावेनं बांधलाय, तिचंबी नाव घाला." त्या सुपाखाली दोन्ही नावे लिहिणार आहोत.